प्रौढ वर्गातील पाण्याचे प्रयोग

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा आग्रह आपल्या कार्यवाह भगिनींनी धरला. मी काही लेखिका नव्हे. आयुष्यभर खडू आणि फळा एवढेच माझे भांडवल. पण ज्या प्रौढ स्त्रियांच्या वर्गाची आठवण जुन्या सभासद अजून काढतात, त्या वर्गाची हकीकत कोठेतरी नोंदली जावी असे मलाही फार दिवस वाटत होते. तेवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. वर्ग एका वसाहतीतला असला, तरी त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा होता. तो आधी थोडक्यात सांगते.

मोठ्या माणसांनी शिकावे ही कल्पना आपल्याकडे सरकारी योजनेतून आलेली नाही. दिवसा राबणाऱ्या माणसांसाठी महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली. त्याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. अक्षर आणि पाणी ही दोन्ही एकाच घरातून सर्वांसाठी मोकळी झाली, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि संसारात पडलेल्या, विधवा झालेल्या बायकाही पाटी घेऊन बसू लागल्या. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. ती मोहीम नंतर महाराष्ट्रभर पसरली.

आपला हा पट्टा त्याच काळात बदलत होता. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले. बाजरी-ज्वारीच्या शेतांत मोटारींचे, स्कूटरींचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, आणि १९८२ साली तिची महानगरपालिका. चाकण तेव्हा संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार एवढ्यासाठीच ओळखले जाई. तेथे कारखानदारी आली ती १९९० नंतर. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, नगर, सोलापूर भागांतील कितीतरी कुटुंबे पोटासाठी इकडे आली. पुरुष कारखान्यात किंवा बांधकामावर, बायका खडी फोडायला नाहीतर धुण्याभांड्यांना. या बायकांपैकी बहुतेकींना सही येत नसे.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमास आरंभ झाला. एका केंद्रात सुमारे तीस शिकणारे, आणि अभ्यासक्रम साधारण दहा महिन्यांचा. साक्षरता, व्यवहारातील कुशलता आणि सामाजिक जाणीव अशी त्याची तीन अंगे होती. १९७९ साली चिंचवडजवळच्या एका कामगार वसाहतीत असे केंद्र चालविण्याचे काम मजकडे आले. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नुकतीच शिक्षिका झालेली, आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या ज्ञानाचा थोडा ताठाही अंगी असलेली.

पहिले पंधरा दिवस मी मुळाक्षरेच शिकवीत होते. बायका येत, पदर सावरीत बसत, आणि अर्ध्या तासात पेंगत. दिवसभर राबलेल्या बाईला 'क कमळाचा' यात काय गोडी वाटणार? एके दिवशी सगळ्याच उशिरा आल्या, कारण नळाला पाणी उशिरा आले होते. मी मनात म्हटले, यांच्या डोक्यात दिवसभर पाणीच असते, तर पाण्यावरच शिकवू.

दुसऱ्या दिवशी मी दोन काचेचे पेले, दोन बटाटे आणि मिठाची पुडी नेली. एका पेल्यात साधे पाणी, दुसऱ्यात आधीच विरघळविलेले भरपूर मीठ. साध्या पाण्यात बटाटा बुडाला, खारट पाण्यात तरंगला. मला वाटले, आता बायका थक्क होतील आणि मी मिठाच्या पाण्याचे जडपण समजावून सांगेन. पण कोपऱ्यात बसलेल्या बीड जिल्ह्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, बटाटाच निराळा असंल की! त्यो पोकळ असंल."

मी त्यांना गप्प करणार होते. सुदैवाने त्यांच्या शेजारणीने हात लांबविला आणि बटाट्यांची अदलाबदल केली. बुडालेला तरंगला, तरंगलेला बुडाला. वर्गात एकच हशा झाला. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग बटाट्याचा दोष न्हाई. पाण्याचाच गुण."

भगिनींनो, शास्त्रीय पद्धत म्हणून जिचा एवढा बोलबाला होतो, ती याहून वेगळी नाही. काय घडले ते नीट पाहायचे. असे का, म्हणून विचारायचे. कारणाचा अंदाज बांधायचा. मग बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि अंदाज खरा ठरतो का ते बघायचे. खोटा ठरला तर खुशाल सोडून द्यायचा. मावशींचा अंदाज खोटा ठरला, पण तो पारखता येईल अशा शब्दांत त्यांनी मांडला होता आणि खोटा ठरताच तो सोडूनही दिला. एवढे पुष्कळ शिकलेल्यांनाही जमत नाही.

मग आम्ही साध्या पाण्यात एकेक चमचा मीठ घालीत गेलो. बटाटा कितव्या चमच्याला वर येईल याचा प्रत्येकीने आधी अंदाज करायचा आणि आकडा पाटीवर लिहायचा. कोणी दोन लिहिला, कोणी दहा. चार-पाच चमच्यांनी बटाटा हलला आणि वर आला. ज्या बायका आकडे गिरवायला कंटाळत, त्या त्या दिवशी आपला आकडा पुसला जाऊ नये म्हणून पाटी छातीशी धरून बसल्या होत्या.

पावसाळा आला. नळाला गढूळ पाणी येऊ लागले. आम्ही एकाच बादलीतले पाणी तीन मडक्यांत ओतले. एक तसेच ठेवले, एकात तुरटी फिरविली, एकात शेवग्याच्या बियांची पूड कालविली. निवळीचे बी उगाळून पाणी निवळविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी, पण निवळी तेथे मिळाली नाही. तुरटीचे मडके लवकर निवळले, त्याच्या मागोमाग शेवग्याचे. साधे मडके रात्रभर गढूळच राहिले. तुरटीने मातीचे बारीक कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात, हे मी समजावून दिले. तिसरे मडके तसेच का ठेवले, हे आता मला कोणाला सांगावे लागले नाही. ताडून पाहायला काहीतरी हवे, हे त्या बटाट्यावरून शिकल्या होत्या.

येथपर्यंत सारे ठीक होते. पुढची चूक माझी. निवळलेल्या पाण्याचा पेला उंच धरून मी म्हणाले, "पाहा, पाणी स्वच्छ झाले!"

तीन-चार आठवड्यांनी एक तरुण बाई वर्ग सुटल्यावर थांबली. तिचे धाकटे मूल दीड वर्षाचे. ती म्हणाली, "बाई, मी तुरटी फिरवूनच पाणी देते. पाणी अगदी नितळ दिसतं. मग पोराची हगवण का थांबत नाही?"

मला घरी जायची घाई होती. मी म्हटले, "हात धूत नसशील नीट." ती काही बोलली नाही. मान खाली घालून गेली. त्याच महिन्यात ते मूल गेले.

हे लिहिताना आजही हात थांबतो. तिने मला विचारलेला प्रश्न शास्त्राचाच होता. तुम्ही म्हणता तसे केले, तरी तुम्ही म्हणता तसे घडले नाही. मग चूक कोठे? बटाट्याच्या वेळी मी अशा प्रश्नाचे कौतुक केले होते. येथे मी तो उडवून लावला, कारण चूक माझ्या वाक्यात होती. नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. तुरटीने माती खाली बसते, काही जंतूही तिच्याबरोबर बसतात, पण सगळे नाहीत. उरलेले त्या नितळ पाण्यात सुखाने राहतात. पाणी उकळले पाहिजे किंवा त्यात क्लोरीन घातले पाहिजे, हे मी पुस्तकात वाचले होते. पण रॉकेल रेशनवर मिळण्याच्या दिवसांत रोज हंडाभर पाणी उकळणे कोणत्या घराला परवडते, याचा मी विचारच केला नव्हता.

मी पुण्यास जाऊन एका ग्रंथालयात बसले. तेथे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांची हकीकत वाचली. १८५४ साली, म्हणजे जोतीरावांची रात्रीची शाळा निघण्याच्या आदल्याच वर्षी, लंडनच्या एका भागात कॉलऱ्याने दहा दिवसांत पाचशेंवर माणसे दगावली. वाईट हवेने रोग होतो असा त्या काळचा समज. स्नोंनी मृत्यू घडलेली घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेली दिसली. त्यांनी अपवादही तपासले. जवळच्याच दारूच्या भट्टीतील कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागलीच होती, हेही स्नोंनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात दाखविला तो पुढे तीस वर्षांनी, १८८४ साली. म्हणजे जंतू डोळ्यांना न दिसताही केवळ मोजणीने आणि तुलनेने त्याचा माग काढता आला होता.

मी वर्गात परत आले ती प्रथम चूक कबूल करायला. "मी पाणी स्वच्छ झाले म्हणाले, ते चुकले. नुसते नितळ झाले होते," असे सर्वांसमोर सांगितले. ती बाई त्या दिवशी आली नव्हती. पुढच्या आठवड्यात आली आणि मागे भिंतीशी बसली. मी स्नोंची गोष्ट सांगितली. ती संपताच तीच उठून म्हणाली, "आपण पण मोजू."

वसाहतीत दोन सार्वजनिक नळ होते, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. बायकांनी जमिनीवर खडूने चाळी काढल्या. ज्या बिऱ्हाडात पावसाळ्यात हगवण किंवा कावीळ झाली तेथे खडा ठेवला. वरच्या नळावर पाणी भरणाऱ्यांत खडे दोनच पडले. खालच्या नळाच्या बिऱ्हाडांवर खड्यांची रासच झाली. मग त्या अपवादांच्या मागे लागल्या. वरच्या दोन घरांपैकी एकीची मुले दिवसभर खालच्या चाळीत आजीकडे असत. दुसरी बाई रांग मोठी असली की खाली जाऊन पाणी भरी. खालच्या एका घरात मात्र कोणी आजारी नव्हते. तेथले म्हातारे गृहस्थ पोटाचे रोगी, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून सगळे घरच उकळलेले पाणी पीत असे. हे सारे बायकांनी एका वहीत उतरविले. अक्षरे वेडीवाकडी होती. नोंदी चोख होत्या.

खालच्या नळाची जलवाहिनी गटारातून जात होती आणि एके ठिकाणी तिचा सांधा झिरपत होता. "पाणी बाहेर येतं, मग गटाराचं आत कसं जाईल?" हा प्रश्न मावशींचा. त्याचेही उत्तर प्रयोगानेच दिले. स्टुलावर बादली ठेवली, तिच्यातून रबरी नळी खाली सोडली, नळीला मध्ये बारीक छिद्र पाडले आणि तो भाग कुंकवाच्या पाण्याने भरलेल्या परातीत बुडविला. नळीचे टोक मोरीत सोडून त्यावर बोट ठेवून धार बारीक केली, तोवर छिद्रातून स्वच्छ पाणी बाहेर उसळत होते. मग वरून नळी चिमटीत दाबली आणि खालचे बोट काढले. नळीतले पाणी खाली सरकले आणि छिद्रातून लाल पाणी आत ओढले गेले. मोरीत लाल धार पडली. नळ बंद झाला की वाहिनी रिकामी होते, आणि रिकामी होणारी वाहिनी गटार पिते. म्हणूनच नळाला प्रथम येणारे पाणी वास मारीत असे. कोणी बोलेना. शेवटी ती मूल गेलेली बाई उठली आणि तिने स्वतःच्या हाताने परात मोरीत रिकामी केली.

त्यानंतरची कथा लवकर सांगते, कारण अर्जविनंत्यांची कथा सगळीकडे सारखीच. कचेरीत पहिल्या खेपेस आमचे कोणी ऐकले नाही, दुसऱ्या खेपेस साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या खेपेस बायकांनी ती वही टेबलावर ठेवली. अर्जाखाली बावीस सह्या होत्या. अंगठा एकही नव्हता. वाहिनीचा तो तुकडा दिवाळीच्या आत बदलला गेला. पुढच्या पावसाळ्यात बायकांनी पुन्हा खडे मांडले. नुसता पाइप बदलला म्हणून समाधान मानायचे नाही, आजार कमी झाला का ते मोजून पाहायचे, हे आता त्याच मला सांगत होत्या. खडे फार थोडे पडले.

हे काम आम्ही एकट्याच करीत होतो असे नव्हे, हे मला मागाहून कळले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली होती आणि शास्त्र मराठीतून सांगण्याचे व्रत तिने घेतले होते. त्याच वर्षी मुंबईतील काही स्त्रियांनी ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठी संस्था काढली. केंब्रिजची डॉक्टरेट मिळविलेल्या शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी तीत भेसळ ओळखण्याचे काम आपुलकीने करीत. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात साध्या साहित्यातून शास्त्र शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्या पिंपरीच्या टेल्को कारखान्यात नोकरीस असलेले अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून शास्त्राची खेळणी करण्यातच त्यांनी आयुष्य घातले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शास्त्रीय दृष्टी वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरले. त्या कलमाचा आमच्या वर्गात कोणालाच पत्ता नव्हता, पण कर्तव्य पार पडत होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मावशींच्या पायावर नारूचा जुना वण होता. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी प्यायल्याने नारू होतो, कारण त्याची अळी पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात असते. ते किडे जाड फडक्यात अडकतात, म्हणून पाणी गाळून घेतले की नारू टळतो. देशातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या विजयात गाळण्याच्या फडक्याचा वाटा फार मोठा आहे. पुढे २००३ साली बांगलादेशातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळले, तर कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, कारण कॉलऱ्याचे जंतू पुष्कळदा अशाच बारीक जीवांना चिकटून असतात. नव्या साडीपेक्षा धुऊन विरलेली जुनी साडी बरी, असेही त्यात आढळले. मावशी हे १९७९ सालीच सांगत असत. मात्र कावीळ आणणारे विषाणू इतके सूक्ष्म की ते कोणत्याही फडक्यातून पार होतात. तेथे उकळणे आणि क्लोरीन हेच उपाय. जुन्या चालीरीतींतले काय खरे आणि कोठपर्यंत खरे, हे असे पारखून घ्यावे लागते. सरसकट मान डोलावणे आणि सरसकट नाक मुरडणे, दोन्ही आळशीपणाच.

पाण्याची परीक्षाही आता सोपी झाली आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी एक साधी बाटली तयार केली. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवले आणि ते काळे पडले, तर त्यात मैल्याची भेसळ असल्याचा संशय धरावा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनात तर प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे असे ठरले. पाच स्त्रिया! आमच्या चाळीतल्या बायकांना हे ऐकून हसू आले असते. त्यांनी परवानगी न विचारताच हे काम केले होते.

त्या वर्गातील कितीजणी आज हयात आहेत, मला ठाऊक नाही. मावशी गेल्या. ती तरुण बाई पुढे चार वर्षे वर्गाला येत राहिली, नंतर तिने स्वतःच एक वर्ग चालविला. तिच्या वर्गाचा पहिला धडा बटाट्याचा असे. तिने मला कधी बोल लावला नाही. पण तिच्या वर्गाचा एक नियम होता, तो तिने कोणाकडून शिकला हे मी जाणते: प्रश्न विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळाल्याशिवाय घरी जाऊ द्यायचे नाही.

शेवटी मंडळास एक सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी चमचे, वाट्या, डब्या लुटतो. यंदा पाणी तपासण्याची एकेक बाटली वाण म्हणून द्यावी. प्रत्येकीने आपापल्या घरचे पाणी तपासावे, निकाल एका वहीत लिहावा, आणि पुढच्या संक्रांतीला ती वही सर्वांसमोर वाचावी. बाटली काळी पडली तर घाबरू नये, आणि नाही पडली तरी एकदाच तपासून निश्चिंत होऊ नये. वही पहिल्या वर्षी मी लिहीन. अक्षर आता माझेही वेडेवाकडे येते, पण नोंद चोख राहील.